शीतगृहात ६५५३.१ अंश! बायनरी कळणाऱ्यांनी मदत करा

निफाडकर | सोमवार, रात्री ११:४०

मंडळी, प्रोग्रॅमिंग हा माझा धंदा नाही, हौस आहे. काकांचं द्राक्षांचं छोटं शीतगृह आहे. दोन वर्षांपूर्वी मी तिथे आर्डुइनो उनो (प्रोग्रॅम चालवणारा छोटा बोर्ड) आणि आरएस-४८५ वर (तारेवरून आकडे पाठवायच्या पद्धतीने) बोलणारा तापमानाचा सेन्सर जोडून एक पेटी बनवली होती. तापमान दाखवायचं, वर गेलं की भोंगा वाजवायचा. बरी चालली.

यंदा मोबाइलवर आकडे दिसावेत म्हणून उनो काढून ईएसपी-३२ हा वाय-फायवाला बोर्ड बसवला. प्रोग्रॅम तोच, फक्त पिनांचे नंबर बदलले. घरच्या फ्रिजमध्ये आठवडाभर ठेवून पाहिलं, ४.२, ३.९ असे शहाण्यासारखे आकडे. शनिवारी शीतगृहात बसवला. काल पहाटे तीनला काकांचा फोन: "तुझी पेटी म्हणते आत साडेसहा हजार अंश आहे. जाऊन बघू का, बेदाणे झाले असतील तर पोत्यात भरायला घेतो."

स्क्रीनवर ६५५३.१, मग ०.१, मग ६५५३.४, मग ०.०, असं चाललंय. हातातला थर्मामीटर शून्याच्या आसपासच दाखवतो. सेन्सर अंशाचे दहावे भाग पाठवतो, म्हणजे ४.२ असेल तर ४२. चुकीच्या वेळी आलेले दोन बाइट (० ते २५५ मधले आकडे) छापून पाहिले: २५५ आणि २५१.

सेन्सर गेला का? नवा मागवू?

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११:५२

अजिबात मागवू नका. सेन्सर ठणठणीत आहे. ६५५३.१ म्हणजे उणे ०.५. आत्ता ऑफिसच्या रिलीजमध्ये अडकलोय, उद्या लिहितो.

गणिताच्या बाई | मंगळवार, सकाळी ७:१०

रात्रपाळींनी उत्तर सांगितलं, रीत मी सांगते.

जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा मीटर आठवा, पाच आकड्यांचा. मीटर ००००० वर आहे आणि तो उलटा फिरू शकतो असं समजा. एक मागे गेलात की ९९९९९. पाच मागे गेलात की ९९९९५. आता या ९९९९५ मध्ये ७ मिळवा. कागदावर उत्तर १००००२, पण मीटरला सहावं घर नाही. हातचा ठेवायला जागाच नसल्यामुळे तो गळून पडतो आणि ००००२ उरतात. उणे ५ आणि ७ मिळून २ च होतात ना? म्हणजे त्या मीटरपुरतं ९९९९५ हेच उणे ५.

संगणकाच्या मीटरला तुमच्या बाबतीत सोळा घरं आहेत आणि प्रत्येक घरात (त्यालाच बिट म्हणतात) ० किंवा १. शून्यावरून पाच मागे गेलं की हे दिसतं:

११११ ११११ ११११ १०११

डावीकडचे आठ म्हणजे तुमचे २५५, उजवीकडचे आठ म्हणजे २५१. हे सगळं धन संख्या म्हणून वाचलं तर ६५५३१. उणे म्हणून वाचायचं तर सगळे बिट उलटे करा (०००० ०००० ०००० ०१००, म्हणजे ४), एक मिळवा, झाले ५, आणि पुढे उण्याचं चिन्ह लावा. ६५५३६ मधून ६५५३१ वजा केले तरी ५ च. तीच गोष्ट.

असे आकडे एकूण ६५५३६. अर्धे उण्यांना दिले: सगळ्यात डावा बिट ० असेल तर ० ते ३२७६७, १ असेल तर उणे ३२७६८ ते उणे १. मुलं हमखास विचारतात, "बाई, उण्याचं चिन्ह एका बिटात वेगळं का नाही ठेवलं?" ठेवता येतं, पण मग धन शून्य आणि ऋण शून्य अशी दोन शून्यं होतात, आणि वजाबाकीला वेगळी मांडणी लागते. या पद्धतीत बेरजेच्याच सर्किटात वजाबाकी उरकते. उसना घेण्याची भानगड नाही.

शून्यएक | मंगळवार, सकाळी ९:०५

बाई, मीटरचं उदाहरण ढापतोय. कॉलेजात आम्हाला "उलटा करा आणि एक मिळवा" एवढंच घोकायला लावलं होतं. एक का मिळवायचा ते आज कळलं: सगळे बिट उलटे केले की ६५५३५ मधून वजा केल्यासारखं होतं, आणि आपल्याला हवी असते ६५५३६ मधून वजाबाकी.

निफाडकर | मंगळवार, दुपारी १:३०

बाई, चहा पिता पिता कागदावर करून पाहिलं. जमलं! पण एक कळत नाही. दोन वर्षं उनोवर हेच उणे आकडे बरोबर दिसायचे. तोच प्रोग्रॅम, तोच सेन्सर. मग आताच काय झालं?

रात्रपाळी | मंगळवार, दुपारी २:१५

आलो. तुमच्या प्रोग्रॅममध्ये साधारण अशी ओळ असणार (देवनागरीत लिहिलीय, कंपायलरला दाखवू नका):

इंट कच्चे = (पहिला << ८) | दुसरा;

पहिला बाइट आठ घरं डावीकडे सरकवला, २५५ चे ६५२८० झाले. रिकाम्या आठ घरांत दुसरा बाइट बसवला, ६५५३१ झाले. इथवर दोन्ही बोर्डांवर सारखंच.

फरक 'इंट' (पूर्णांक ठेवायचा डबा) या शब्दात आहे. उनोवर इंट सोळा बिटांचा. डावीकडचा शेवटचा बिट १ दिसला की तो आपोआप उणे समजायचा. ईएसपी-३२ वर इंट बत्तीस बिटांचा. तिथे तुमचे सोळा बिट उजव्या अर्ध्यात बसले, डावीकडे सोळा शून्यं आली. चिन्ह ठरवणारा बिट आता बत्तिसावा, आणि तो शून्य. पंगतीत शेवटच्या पाटावर बसलेल्याला आपण यजमान समजत होतो. पंगत लांबली, यजमान मध्येच अडकला आणि वाढपी त्याला ओळखेना.

म्हणजे उनोवर प्रोग्रॅम बरोबर नव्हता, नशिबाने चालत होता. फ्रिजमधल्या तपासणीत हे सापडणार नव्हतंच, कारण फ्रिज शून्याखाली गेला नाही.

उपाय: इंट ऐवजी 'इंट१६_टी' लिहा. हा प्रकार कुठल्याही बोर्डावर सोळाच बिटांचा असतो. बाहेरच्या यंत्राकडून बाइट येतात तिथे मोघम 'इंट' मी तरी कधीच लिहीत नाही. पायथनमध्ये करत असाल तर तिथे पूर्णांकाला घरांची मर्यादाच नाही, तो स्वतःहून कधीच उणे होणार नाही. ३२७६७ पेक्षा मोठा आला तर ६५५३६ हाताने वजा करा.

आणखी एक. मॉडबसमध्ये (आरएस-४८५ वरचे असे सेन्सर ज्या ठरलेल्या भाषेत बोलतात ती) मोठा बाइट आधी येतो, म्हणून तुमचा क्रम बरोबर आहे. पण त्याच संदेशाच्या शेवटी येणारा सीआरसी (संदेश वाटेत बिघडला का ते तपासायचा आकडा) मात्र लहान बाइट आधी घेऊन येतो. एकाच पत्रात पत्ता डावीकडून आणि सही उजवीकडून. कधी ४.२ च्या जागी १०७५.२ दिसलं तर बाइट उलटे जोडलेत असं समजा: ४२ म्हणजे ० आणि ४२ हे बाइट, उलटे केले की ४२ गुणिले २५६, बरोबर १०७५२.

अवकाशवेडा | मंगळवार, दुपारी ४:४०

"प्रोग्रॅम तोच, यंत्र नवं" वाचून एरियान ५ हे युरोपचं रॉकेट आठवलं. ४ जून १९९६, फ्रेंच गयानातलं कौरू, पहिलंच उड्डाण. सुमारे ४० सेकंदांत रॉकेट वाकडं होऊन फुटलं. दिशादर्शनाचा काही प्रोग्रॅम एरियान ४ वरून जसाच्या तसा उचलला होता. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात कोंबली जायची. एरियान ४ चा आडवा वेग कमी, म्हणून ती नेहमी मावायची. एरियान ५ जोरात निघालं आणि आकडा ३२७६७ च्या बाहेर गेला. जोडीला राखीव संगणक होता, पण त्यातही तोच प्रोग्रॅम, त्यामुळे तोही त्याच कारणाने गप्प झाला.

तुमच्याकडे निदान काका फोन करतात.

मात्रावृत्त | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

बायनरीचा विषय निघालाच आहे तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. लघु आणि गुरु या दोनच खुणांवर पिंगलाने छंदःशास्त्रात हेच केलेलं आहे. पाश्चात्त्यांकडे जर्मन गणिती लायब्नित्सचा लेख आला तो थेट १७०३ मध्ये.

शून्यएक | मंगळवार, संध्याकाळी ६:५५

मात्रावृत्त, अर्धं मान्य. तीन अक्षरांत लघु-गुरूंच्या किती जाती होतात ते प्रस्तार मांडून क्रमाने काढणं, अमुक क्रमांकाची जात कोणती हे दोनने भागत भागत शोधणं, हे पिंगलाकडे आहे आणि ते फार सुंदर आहे. पण त्या खुणांच्या बेरजा-वजाबाक्या करणं, हातचा पुढे नेणं, हे तिथे नाही. वृत्तांची मोजदाद हा त्याचा प्रश्न होता, आणि तो त्याने चोख सोडवला. त्याच्या डोक्यावर कंप्युटर कशाला ठेवायचा?

मात्रावृत्त | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

ठीक, तलवार म्यान. पण हे पाहा, शाळेत वृत्तं शिकताना सगळ्यांनी पाठ केलेलं:

य मा ता रा ज भा न स ल गा

लघु म्हणजे ०, गुरु म्हणजे १ लिहा: ० १ १ १ ० १ ० ० ० १. आता सुरुवातीपासून तीन-तीन घ्या, दर वेळी एकच अक्षर पुढे सरकत: ०११, १११, ११०, १०१, ०१०, १००, ०००, ००१. आठ गण, आठही वेगळे, एकही राहिला नाही, एकही दोनदा आला नाही.

रात्रपाळी | मंगळवार, रात्री ९:१०

हे मी कधी या नजरेने पाहिलंच नव्हतं! आमच्या भाषेत लिहितो:

क्ष = ((क्ष << १) | नवा) & ७;

३ पासून सुरुवात. डावीकडे सरकवा, नवा बिट आत घ्या, ७ च्या मास्कने वरचा चौथा बिट कापून टाका. येतात ३, ७, ६, ५, २, ४, ०, १. दहा अक्षरांत आठ गण, आणि शेवटची दोन अक्षरं (० १) पुन्हा सुरुवातीचीच आहेत, म्हणजे वर्तुळ केलं तर आठच अक्षरं पुरतात. फिरत्या दांड्याचा कोन ओळखायला चकतीवर असेच पट्टे छापतात. आम्ही त्याला डी ब्रॉइन क्रम म्हणतो. मराठीच्या तासाला मी खिडकीबाहेर बघत होतो त्याची आज भरपाई झाली.

गणिताच्या बाई | मंगळवार, रात्री ९:४०

मराठीच्या बाईंना दाखवते उद्या. विषयांतर झालं असेल तर झालं.

निफाडकर | गुरुवार, रात्री १०:०५

विषयांतर आवडलं, पण मी पुन्हा अडकलो.

'इंट१६_टी' केल्यावर तापमान सुरळीत. आता नवीन दुखणं. कूलिंग युनिटचा कंट्रोलर एका रजिस्टरमध्ये (सोळा बिटांच्या एका आकड्यात) स्थिती पाठवतो: बिट ० कंप्रेसर चालू, बिट १ डिफ्रॉस्ट चालू, बिट २ दार उघडं. दाराचा भोंगा बसवायचा म्हणून मित्राने लॅपटॉपवर पायथनमध्ये अट लिहून तपासून दिली. तिथे बिनचूक चालली. मी ती बोर्डावर सी भाषेत उतरवली:

जर (स्थिती & ४ == ४) भोंगा वाजव;

आता दार बंद असलं तरी कंप्रेसर सुरू झाला की भोंगा. कंप्रेसर थांबला की भोंगा थांबतो. कंप्रेसर बंद असताना दार सताड उघडं ठेवलं तर चिडीचूप. काकांनी पेटीवर उशी ठेवलीय.

रात्रपाळी | गुरुवार, रात्री १०:२०

उशी ठेवा अजून पाच मिनिटं. कंस घाला:

जर ((स्थिती & ४) == ४)

& म्हणजे दोन्हीकडे १ असलेले बिटच ठेवणं, == म्हणजे 'सारखं आहे का?' सी मध्ये == चा मान & पेक्षा वरचा. त्यामुळे आधी ४ == ४ सोडवलं गेलं, ते खरं म्हणून १ झालं, आणि उरलं स्थिती & १. म्हणजे तुम्ही दाराच्या बिटाऐवजी शून्याव्या बिटाला विचारत होता, आणि शून्यावा बिट कंप्रेसरचा. पायथनमध्ये हा क्रम उलटा आहे, & आधी, म्हणून मित्राकडे चाललं. दोघांचंही बरोबर, मधला प्रवास चुकला.

ही सी ची जुनी खोड आहे. सुरुवातीला 'आणि' या अर्थाचं तर्कचिन्हही & हेच होतं. पुढे && वेगळं केलं, पण तोवर लिहिलेले प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून & ची जागा तशीच ठेवली, असं सी चे कर्ते डेनिस रिची यांनी खुद्द सांगितलंय. पन्नास वर्षं झाली, आपण कंस घालतोय.

उरलेलंही सांगून टाकतो. बिट लावायचा तर स्थिती | ४. विझवायचा तर स्थिती & ~४. उलटवायचा तर स्थिती ^ ४. विझवायला ४ वजा करू नका. बिट आधीच विझलेला असेल तर शेजाऱ्यांकडून उसने घेऊन सगळ्या घरांची वाट लावेल.

हौशी_सोल्डर | गुरुवार, रात्री ११:००

डीएस-१८-बी-२० हा तापमानाचा सेन्सर वापरणाऱ्यांसाठी पुरवणी. तो अंशाचे सोळावे भाग पाठवतो, म्हणून लोक सोळाने भागण्याऐवजी बिनधास्त >> ४ करतात, म्हणजे बिट चार घरं उजवीकडे सरकवतात. उणे अर्ध्या अंशाला तो उणे ८ पाठवतो. उणे ८ भागिले १६ केलं तर सी मध्ये ०, पण उणे ८ >> ४ केलं तर उणे १. भागाकार शून्याकडे झुकतो, सरकवणं खालच्या बाजूला. धन संख्यांत फरक दिसत नाही, द्राक्षांत दिसतो. आणि सुरू होताच पहिला आकडा ८५ आला तर घाबरू नका, ती त्याची जागं होतानाची जांभई आहे.

काटकसरी | शुक्रवार, सकाळी ८:१५

दहाने भागून दशांशात साठवण्यापेक्षा दहावे भागच साठवा, दाखवताना टिंब द्या. ०.१ बायनरीत कधीच पुरा लिहून होत नाही, आपल्याकडे एक तृतीयांश ०.३३३ करत राहतो तसा. पायथनमध्ये ०.१ दहा वेळा मिळवून बघा, १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येतं. दुकानाचा हिशेबही पैशांत ठेवावा, रुपयांत नाही, ते याच कारणाने.

निफाडकर | शनिवार, रात्री ९:३०

कंस घातले, उशी निघाली. दहावे भागही केले.

आता मराठीचा त्रास. (१) मोबाइलवरच्या पानावर 'शीतगृह' ऐवजी डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला इंग्रजी ए आणि चार पायांचा गोल किडा, पुन्हा ए, पुन्हा किडा, असं दिसतं. (२) काकांना जाणारा एसएमएस दोन तुकड्यांत जातो, दुप्पट पैसे. (३) सगळ्यात वाईट: काकांनी उत्तरात "मर्यादा २" असं पाठवलं, आणि पेटीने ८ अंशांची मर्यादा लावून घेतली. तापमान तीनवर गेलं तरी शांत.

टंकबहाद्दर | शनिवार, रात्री १०:४५

शेवटी माझ्या गल्लीत आलात.

(१) 'म' चा युनिकोडमधला (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या तक्त्यातला) क्रमांक २३५०. सोळा बिटांत: ०००० १००१ ००१० १११०. यूटीएफ-८ (हे क्रमांक बाइटांत भरायची रीत) हे बिट ४, ६, ६ असे फोडून तीन डब्यांत भरतं आणि प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावतं: पहिल्यावर १११०, पुढच्या दोघांवर १०.

१११०-०००० १०-१००१०० १०-१०१११०

म्हणजे २२४, १६४, १७४. वाचणाऱ्याला सांगितलंच नाही की हे तीन मिळून एक अक्षर आहे, तर तो एकेक बाइट जुन्या युरोपीय तक्त्यात बघतो: २२४ म्हणजे तुमचा रेघवाला ए, १६४ म्हणजे किडा (ते चलनाचं चिन्ह आहे). देवनागरीच्या १२८ क्रमांकांपैकी पहिल्या ६४ मधलं काहीही लिहा, सुरुवात २२४, १६४ अशीच होते, म्हणून ए-किडा, ए-किडा अशी वरात दिसते. पान पाठवताना शीर्षात यूटीएफ-८ लिहा, वरात जाईल.

(२) एका एसएमएसमध्ये १४० बाइट, म्हणजे ११२० बिट. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात म्हणून १६० अक्षरं. मराठीला १६, म्हणून ७०. सत्तरच्या पुढे गेलात की तुकडे जोडायची खूण लागते आणि प्रत्येक तुकड्यात ६७ च मावतात. आणि डोळ्याने मोजू नका. 'द्राक्षं' दिसायला दोन अक्षरं, पण द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष, अनुस्वार अशी आठ. तुमच्या संदेशातलं "सावधान" आणि "कृपया ताबडतोब" काढलंत तरी काका धावतील.

(३) हा बग मला फार आवडला. तुम्ही आकड्याची किंमत काढायला & १५ केलंय ना?

निफाडकर | शनिवार, रात्री १०:५०

हो! नेटवर कुठेतरी वाचलेली युक्ती. कसं ओळखलंत?

टंकबहाद्दर | शनिवार, रात्री ११:१५

कारण २ चे ८ झाले. इंग्रजी शून्याचा क्रमांक ४८, बायनरीत ००११ ००००. खालचे चार बिट शून्य, म्हणून त्याच्या पुढच्या आकड्यांचे खालचे चार बिट म्हणजेच त्यांची किंमत. युक्ती तिथे चालते. देवनागरी ० चा क्रमांक २४०६, आणि त्याचे खालचे चार बिट ०११०, म्हणजे ६. त्यामुळे आपला प्रत्येक आकडा सहाने फुगतो: ० चे ६, २ चे ८, ९ चे १५. क्रमांक २४०६ ते २४१५ मध्ये असेल तर २४०६ वजा करा, ४८ ते ५७ मध्ये असेल तर ४८. काका दोन्ही प्रकारे लिहितील हे गृहीतच धरा.

शून्यएक | रविवार, सकाळी १०:००

वाचनखूण साठवली. यंदाच्या मुलाखतींत उमेदवारांना "२ चे ८ का झाले" हाच प्रश्न.

निफाडकर | बुधवार, सकाळी ८:२०

पान मराठीत दिसतंय. संदेश आता "दार उघडं. २.४ अंश." एवढाच. काकांनी "मर्यादा २" पाठवलं, पेटीने २ च घेतलं.

काल रात्री पावणेएकला भोंगा वाजला. काका शिव्या घालत उठून गेले. दार बोटभर उघडं होतं, क्रेटची पट्टी फटीत अडकली होती. आत उणे ०.३. मी नोंदीत बाइट पाहिले: २५५ आणि २५३.